तीनदा ओतलेला देवदूत

हॅम्बुर्गच्या राटहाउससमोर येणारे पर्यटक त्या दिमाखदार इमारतीचे फोटो काढतात आणि पाठ फिरवून आल्स्टरच्या पाण्याकडे जातात. काठावरचा राखाडी दगडी स्तंभ त्यांना फार तर फोटोत मध्येच आलेली अडचण वाटत असावी. उंची 21 मीटर. वर घोडेस्वार नाही, तलवार नाही, विजयदेवता नाही. शहराच्या बाजूला पहिल्या महायुद्धात गेलेल्या 40,000 मुलांचा उल्लेख आहे. पाण्याच्या बाजूला एक आई आणि तिला बिलगलेलं मूल. एवढंच.

"मामा, हेच ना तुझं ते शिल्प?" भाचीने विचारलं. ती हॅम्बुर्गात नोकरी करते आणि या चौकातून रोज जाते.

"हेच," मी म्हणालो आणि लगेच पुस्ती जोडली, "तसं पाहिलं तर हे नव्हे." शिल्पकार एर्न्स्ट बार्लाखच्या रेखाटनावरून इथली आई 1931 साली दगडात उतरली. दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच नाझींनी ती काढून टाकली आणि त्या जागी गरुड बसवला. 1949 मध्ये एका पाथरवटाने तीच आई पुन्हा कोरली. बार्लाखला जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

बार्लाखच्या मागावर उत्तर जर्मनीत फिरायचं तर याची सवय करून घ्यावी लागते. समोर दिसतं ते बऱ्याचदा दुसऱ्यांदा उभं केलेलं असतं. ते पहिल्यांदा कुणी पाडलं, कुणी लपवलं, पुन्हा कुणाच्या पैशाने उभं राहिलं, हे विचारत मी निघालो होतो. शिल्पकलेतलं मला फारसं कळत नाही. पण कलावंतापेक्षा त्याच्या कामाच्या भोवती वावरलेली माणसं मला नेहमीच जास्त खिळवून ठेवतात, आणि बार्लाखच्या गोष्टीत तशी माणसं भरपूर आहेत.

बार्लाखचा जन्म 2 जानेवारी 1870 चा, हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला एल्बेकाठी असलेल्या वेडेल गावातला. वडील डॉक्टर. तो चौदा वर्षांचा असताना ते गेले. हॅम्बुर्गच्या कलाशाळेत आणि मग ड्रेस्डेनच्या अकादमीत शिक्षण झालं, थोडे दिवस पॅरिसही झालं. पस्तिशी उलटली तरी हातात ठोस काही नव्हतं. मातीकाम शिकवण्याची नोकरी करून झाली होती, मासिकांसाठी चित्रं काढून झाली होती. 1906 साली एक मुलगा झाला. त्याच्या आईशी लग्न झालेलं नव्हतं. त्या मुलाचा ताबा मिळवण्यासाठी बार्लाख कोर्टात भांडला आणि जिंकला. पुढे मुलाला प्रामुख्याने बार्लाखच्या आईने वाढवलं.

त्याच वर्षी तो रशियाला गेला. भाऊ खारकोव्हला इंजिनिअर होता, त्याच्याकडे. ते शहर आज युक्रेनमध्ये आहे आणि गेली काही वर्षं त्याचं नाव बातम्यांत येतं ते वेगळ्याच कारणाने. उन्हाळ्याच्या शेवटाला, जेमतेम दोन महिन्यांच्या मुक्कामात, सपाट गवताळ माळरानावर त्याला भिकारी दिसले, शेतकरी दिसले, जाड कपड्यांत गुरफटून जमिनीवर बसलेल्या बाया दिसल्या. आपल्याकडे माळावर घोंगडी पांघरून बसलेला धनगर लांबून जसा एक ढेकूळच वाटतो, आत हातपाय कुठे आहेत हे कळत नाही, तसं काहीतरी त्याने पाहिलं असावं. परतल्यावर त्याने भांडं पुढे केलेली भिकारीण घडवली आणि त्यानंतर आयुष्यभर तो अशीच माणसं घडवत राहिला. अंगरख्याच्या दोन-तीन मोठ्या घड्या, त्यातून बाहेर आलेला चेहरा आणि हात. बाकी सगळं झाकलेलं. बर्लिनचा कलाव्यापारी पाउल कासीरर याने करार करून त्याला ठरावीक वार्षिक रक्कम द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे पोटाची चिंता मिटली.

भाचीला घेऊन येनिशपार्कमधल्या बार्लाख हाउसला गेलो. झाडांमधली बैठी, पांढरी, आत एका चौकाभोवती फिरणारी इमारत. इथे ओकच्या लाकडातल्या नऊ आकृत्या एका ओळीत उभ्या आहेत. एक आंधळा, एक नर्तकी, एक वाटसरू, एक यात्रेकरू बाई आणि असेच आणखी. कुणीही काही करत नाही, सगळे ऐकताहेत. जवळ गेल्यावर छिन्नीचे घाव दिसतात. लाकूड घासून गुळगुळीत करायचं बार्लाखने मुद्दाम टाळलं आहे. घावाच्या प्रत्येक पाकळीवर खिडकीतला उजेड वेगळा पडतो आणि त्यामुळे दोन पावलं सरकलं तरी चेहऱ्यावरचा भाव बदलल्यासारखा वाटतो. नर्तकीच्या पायाशी लाकडाचा तडा आहे की घडी, हे मी बराच वेळ वाकून बघत होतो. शेवटी पहारेकरी बाई खाकरल्या.

या नऊ आकृत्यांची गोष्ट अशी. त्या मुळात टिला ड्युरिओ या नटीसाठी सुरू झाल्या. तिचा नवरा उद्योगपती होता. तो बुडाला आणि काम अर्धवट राहिलं. 1934 साली हेर्मान रेम्ट्स्मा नावाचा हॅम्बुर्गचा सिगारेट कारखानदार बार्लाखच्या घरी आला आणि त्याने सगळ्या आकृत्या पूर्ण करून घेतल्या. बार्लाखचं काम सरकारी जागांवरून उतरवलं जात होतं त्या दिवसांत! रेम्ट्स्माने त्याला जगवलं असं म्हटलं तरी चालेल. आणि याच रेम्ट्स्मा कंपनीची नाझी काळात भरभराट झाली, हेही तितकंच खरं. 1962 मध्ये उघडलेलं हे संग्रहालय त्याच पैशातून उभं आहे. माहितीफलकांवर हे लपवलेलं नाही. जर्मन लोक असल्या बाबतीत चोख असतात. तिकीट काढून आत यावं आणि फलक वाचून अस्वस्थ व्हावं, अशीच त्यांची अपेक्षा असावी.

ल्युबेकमध्ये मी जास्त रेंगाळलो नाही. मार्झिपान खाल्लं आणि काथारिनेनकिर्शे या चर्चच्या दर्शनी भिंतीसमोर मान वर करून उभा राहिलो. विटांच्या भिंतीत कोनाड्यांची एक रांग आहे आणि तिच्यात नऊ पुतळे. त्यांतले तीन बार्लाखचे, भाजलेल्या मातीचे: वाऱ्यात उभी असलेली बाई, गाणारा मठातला विद्यार्थी आणि कुबड्यांवर लटकून मान आकाशाकडे ताणलेला भिकारी. खारकोव्हचा भिकारी चर्चच्या भिंतीवर संतांच्या जागी चढला, हे अनेकांना रुचलं नव्हतं. तिथल्या संग्रहालयाचे संचालक कार्ल गेओर्ग हाइझे यांनी ही कल्पना मांडली, 1933 मध्ये त्यांनाच घरी बसवलं गेलं आणि तयार झालेले तीन पुतळे पडून राहिले. युद्ध संपल्यावर ते कोनाड्यांत चढले. उरलेले सहा गेर्हार्ड मार्क्स याने घडवले. मार्क्स चांगला शिल्पकार, पण शेजार वाईट मिळाला. भिकाऱ्याकडे बघितल्यावर त्याच्या पुतळ्यांकडे नजर वळेना.

तिथून रात्सेबुर्गला गेलो, कारण बार्लाखची कबर तिथे आहे. तळ्यांनी वेढलेलं टुमदार गाव. वडिलांची डॉक्टरकी इथलीच, आणि बालपणाचा काही काळ इथे गेला म्हणून असेल, त्याला वडिलांशेजारी पुरायचं ठरलं. कबरीवर त्याच्याच गाणाऱ्या विद्यार्थ्याची प्रत बसवली आहे. ज्या ग्युस्ट्रो गावात तो अठ्ठावीस वर्षं राहिला, तिथे तो पुरला गेलेला नाही. त्या गावाने शेवटी शेवटी त्याला जसं वागवलं ते पाहता यात नवल नाही.

ग्युस्ट्रोला जाणारी गाडी मेक्लेनबुर्गच्या सपाट शेतांतून जाते. डब्यात तुरळक माणसं. मधूनमधून पाणथळ जागा, बगळे, पवनचक्क्या. हा भाग एकेकाळच्या पूर्व जर्मनीतला. स्टेशनांच्या जुन्या इमारती बऱ्याच ठिकाणी बंद पडलेल्या दिसतात. ग्युस्ट्रोला मात्र रंगरंगोटी झाली आहे. मोठा राजवाडा, नीटनेटका बाजारचौक, आणि चौकातून पाच-सात मिनिटांवर विटांचा डोम, म्हणजे कॅथेड्रल.

1910 मध्ये बार्लाख इथे आला तो आई इथे राहत होती म्हणून. बर्लिन त्याला मानवलं नव्हतं. इथे तो लाकूड कोरत राहिला, नाटकं लिहीत राहिला. नाटककार म्हणूनही त्याचं नाव झालं होतं, 1924 चा क्लाइस्ट पुरस्कार त्याला मिळाला होता. 1914 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तोही इतरांसारखाच भारावला. त्या वर्षीचं त्याचं एक शिल्प आहे: तलवार खांद्यामागे घेऊन, जवळजवळ जमिनीला समांतर होऊन धावत सुटलेला माणूस. मग थोडे महिने लष्करात काढले आणि उत्साह मावळला. पुढच्या काळात जी स्मारकं त्याने केली त्यांतला एकही सैनिक लढत नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. जन्मजात शांततावादी माणसाने केलेली युद्धस्मारकं कदाचित इतकी जड झाली नसती.

1926 मध्ये डोमला सातशे वर्षं झाली. त्यानिमित्त गावातून युद्धात गेलेल्यांचं स्मारक करायचं ठरलं. बार्लाखने कामाचा मोबदला घेतला नाही, फक्त ओतकामाचा खर्च घेतला. मे 1927 मध्ये त्याने घडवलेला देवदूत छताला साखळीने टांगला गेला.

मी आत शिरलो तेव्हा ऑर्गनवर कुणीतरी तालीम करत होतं. एकच ओळ चुकायची आणि पुन्हा सुरू व्हायची. खांबांवर क्लाउस बेर्ग या शिल्पकाराचे बारा प्रेषित आहेत, साधारण 1530 चे, ओकचे, आणि इतके हावभाव करणारे की त्यांच्यात भांडण लागलं असावं असं वाटतं. ते पाहून डावीकडे उत्तरेच्या बाजूला वळलं की देवदूत समोर येतो. खरं तर खाली येतो असं म्हणायला हवं, कारण तो आपल्या डोक्यापेक्षा थोडाच उंच आहे. पूर्ण आडवा. पाय जुळलेले, अंगरखा पायापर्यंत सरळ, हात छातीवर एकमेकांवर घेतलेले. पंख नाहीत. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, मान किंचित पुढे. काळपट ब्राँझ. खाली लोखंडी जाळीचं गोल कुंपण, त्यामुळे नेमकं त्याच्या चेहऱ्याखाली उभं राहता येत नाही.

तरीही मी जाळीला टेकून वाकडी मान करून बघितलं. चेहरा केटे कोल्विट्झचा आहे. कोल्विट्झ स्वतः बर्लिनची मोठी चित्रकार आणि शिल्पकार. तिचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. अठरा वर्षांचा होता. बार्लाखचं म्हणणं असं की हा चेहरा आपण ठरवून केला नाही, तो आपोआप आला, ठरवून केला असता तर बहुधा जमला नसता. मला हे पटतं. गाल ओघळलेले, भुवया जाड, पापण्यांवर वजन. एखाद्या थकलेल्या बाईने पाठ टेकून डोळे मिटावेत आणि तेवढ्यात तिला पालथं करून टांगावं, असा तो चेहरा. कोल्विट्झला कुणीतरी यात ओळखलंच असणार, पण त्या वेळी तिचं नाव त्यावर नव्हतं आणि आजही नाही.

आता पाडापाडीकडे येतो. बार्लाख ज्यू नव्हता, कम्युनिस्ट नव्हता. जानेवारी 1933 मध्ये रेडिओवर तो उघडपणे कलावंतांच्या बाजूने बोलला खरा, पण ऑगस्ट 1934 मध्ये हिटलरला पाठिंबा देणाऱ्या कलावंतांच्या जाहीरनाम्यावर त्याचीही सही आहे. भीतीने केली, दडपणाखाली केली, कशीही असो, सही आहे. तिने काही वाचलं नाही. माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमधलं त्याचं मोठं लाकडी स्मारक त्याच वर्षी हलवलं गेलं. तीन सैनिक उभे, त्यांच्या पायाशी तीन आकृत्या, एकीने तोंड झाकलेलं, एकीच्या गळ्यात गॅसमास्क. पुढे प्रकाशक पीपर यांनी काढलेलं त्याच्या रेखाटनांचं पुस्तक जप्त झालं. 1937 मध्ये म्युनिकला 'अधःपतित कले'चं प्रदर्शन भरलं, त्यात त्याचं शिल्प होतं. सार्वजनिक संग्रहांतून त्याची 381 कामं उचलली गेली.

हे उचलण्याचं काम दर वेळी गणवेशातल्या गुंडांनी केलं असं वाटत असेल तर तसं नाही. माग्डेबुर्गचं स्मारक नको म्हणून मागे लागणाऱ्यांत चर्चची स्थानिक मंडळीच होती. ग्युस्ट्रोचा देवदूत ऑगस्ट 1937 मध्ये उतरवला तो प्रांतिक चर्चच्या वरिष्ठांच्या आदेशाने. त्यांचे बिशप नाझींचे कट्टर समर्थक होते. देवदूत श्वेरीनला नेला गेला आणि पुढे युद्धासाठी धातू लागला तेव्हा वितळवला गेला. पाद्रीबुवांनी देवदूत भट्टीत घातला, असं सरळ म्हणायला हरकत नाही.

तो उतरवला गेला तेव्हा बार्लाख हयात होता. वर्षभरानंतर, 24 ऑक्टोबर 1938 रोजी, रोस्टॉकच्या दवाखान्यात तो गेला. गावाबाहेर तळ्याकाठी हाइडबेर्गवर त्याने 1930-31 मध्ये प्रशस्त कार्यशाळा बांधून घेतली होती, तिथे त्याला ठेवलं होतं. कोल्विट्झ बर्लिनहून आली आणि तिने शवपेटीतल्या बार्लाखचं रेखाटन केलं. त्याच्या देवदूताला तिचा चेहरा, आणि त्याचा शेवटचा चेहरा तिच्या हातून कागदावर.

त्या कार्यशाळेपर्यंत मी डोमपासून चालत गेलो. अंतर चांगलंच आहे आणि सायकलवाले टाळ्या वाजवाव्यात तशी घंटी वाजवत जातात. वाटेत तळ्याचं पाणी झाडांतून दिसू लागतं. विटांची आणि मोठ्या काचांची इमारत, वास्तुरचना आडोल्फ केगेबाइन यांची. आतलं दालन गोदामासारखं उंच आहे, वरून उजेड येतो आणि प्लास्टरचे नमुने फळ्यांवर, चौथऱ्यांवर मांडलेले आहेत. इतकी मोठी जागा बांधली ती नेमकी कामं बंद होण्याच्या तोंडावर. मोठी कामं मिळत राहतील असा हिशोब होता. बार्लाख कर्जात बुडत गेला आणि शेवटी हे घर एका माणसाने घेतलं.

त्या माणसासाठीच खरं तर मी इतक्या लांब आलो होतो. बेर्नहार्ड ब्योमर. तोही शिल्पकारच, पण बेताचा. विसाव्या दशकात बायको मार्गासह बार्लाखच्या सहवासात आला. मार्गा बार्लाखची सोबतीण झाली, ब्योमरशी तिचा घटस्फोट झाला, आणि तरीही ब्योमर तिथेच राहिला! मदतनीस म्हणून, कारभारी म्हणून, मित्र म्हणून. पत्रव्यवहार सांभाळायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा, अधिकाऱ्यांना भेटायचा. जप्त केलेली 'अधःपतित' कला परदेशात विकून परकीय चलन आणायला नाझी सरकारने चार व्यापारी नेमले. त्यांतला एक ब्योमर. संग्रहालयांतून लुबाडलेल्या चित्रांच्या व्यवहारात त्याने पैसा केला, याबद्दल शंका नाही.

आणि याच ब्योमरने बार्लाखची किती कामं वाचवली हे पाहिलं की बोलती बंद होते. माग्डेबुर्गचं स्मारक त्याच्या हाती आलं म्हणून टिकलं. कीलमधला तलवारधारी देवदूत कापून तुकडे केलेला होता, तोही भट्टीतून वाचला आणि 1954 मध्ये पुन्हा तिथल्या निकोलाइकिर्शेसमोर उभा राहिला. ग्युस्ट्रोच्या देवदूताचा प्लास्टरचा मूळ नमुना बर्लिनच्या ओतशाळेत होता. 1939 च्या सुमारास त्यावरून गुपचूप दुसरा देवदूत ओतून घेतला गेला. तो ल्युनेबुर्गच्या माळरानातल्या श्नेगा गावी हुगो कोर्ट्झिंगर या चित्रकाराकडे लपवून ठेवला गेला. युद्धात प्लास्टरचा नमुनाही गेला. पहिला देवदूत भट्टीत, नमुना बॉम्बखाली, आणि दुसरा देवदूत एका खेड्यात दडलेला. सरकारच्या विश्वासातल्या माणसावाचून हा उद्योग त्या दिवसांत कसा पार पडला असता, मला तरी कळत नाही.

मे 1945 मध्ये सोव्हिएत सैन्य ग्युस्ट्रोत शिरलं, तेव्हा ब्योमर आणि त्याच्या दुसऱ्या बायकोने विष घेतलं.

कार्यशाळेच्या फलकांवर हेही सगळं आहे, पण थोडक्यात. बार्लाखच्या चरित्रकारांना हा माणूस गैरसोयीचा वाटत असावा. खलनायक म्हणावा तर त्याने शिल्पं वाचवली, आणि तारणहार म्हणावा तर त्याच्या खिशातले पैसे कुठून आले हे ठाऊक आहे. शिल्पं वाचवताना त्याला त्यांची पुढची किंमतही दिसत असणार. माझं मत विचाराल तर मी त्याच्या बाजूला झुकतो आणि झुकल्याबद्दल मला फारसं बरं वाटत नाही. बिशपचे हात कदाचित स्वच्छ असतील, पण देवदूत वितळला तो त्यांच्या कारभारात.

मार्गा मात्र मागे राहिली, आणि तिने जे केलं त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. गावाबाहेर गेर्ट्रूडेनकापेले नावाचं जुनं प्रार्थनामंदिर होतं. बार्लाखला ते आवडायचं, कार्यशाळेसाठी मिळावं अशी त्याची इच्छा होती. तिने ते मिळवलं, 1953 मध्ये तिथे त्याच्या शिल्पांचं संग्रहालय सुरू केलं आणि 1969 मध्ये जाईपर्यंत ती तिथेच राहिली. आज संपूर्ण गावात सर्वांत पाहण्याजोगी जागा हीच. छोटं देऊळ, लाकडी छत, आणि मध्ये बसलेला पुस्तक वाचणारा मठातला विद्यार्थी, 1930 चा. मांडीवर पुस्तक, दोन्ही हात अंगालगत सरळ खाली, तळवे बाकावर टेकलेले. पानाला हात नाही. आधीच वाचून झालेलं पान तो पुन्हा वाचतोय, किंवा पुढचं उलटायचं की नाही हे ठरवतोय. आल्फ्रेड आंडेर्श या लेखकाने 1957 च्या कादंबरीत हाच विद्यार्थी नाझींपासून वाचवून बोटीने स्वीडनला पोचवला आहे. खरा विद्यार्थी कुठेही गेला नाही. तो इथेच, ग्युस्ट्रोत राहिला.

युद्धानंतर पूर्व जर्मनीत आलेल्या नवीन राजवटीलाही बार्लाख एकदम पचला नाही. 1951 च्या अखेरीस पूर्व बर्लिनच्या अकादमीने त्याचं प्रदर्शन भरवलं, तर सत्ताधारी पक्षाच्या वर्तमानपत्राने झोड उठवली. ही उदास, निष्क्रिय, भिकारी माणसं नव्या समाजाच्या काय कामाची? नाटककार ब्रेख्तने बार्लाखची बाजू घेऊन लिहिलं. त्याचं वजन होतं म्हणून निभावलं. एका राजवटीला बार्लाखची माणसं पुरेशी जर्मन वाटली नव्हती, दुसरीला पुरेशी आशावादी वाटली नाहीत. तक्रार दोघींची एकच: ही माणसं कामाला लागत नाहीत.

पुढे तीस वर्षांनी याच गावात मोठं नाटक झालं. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट पूर्व जर्मनीच्या भेटीवर आले, आणि 13 डिसेंबर 1981 ला पूर्व जर्मनीचे प्रमुख एरिक होनेकर त्यांना घेऊन ग्युस्ट्रोत आले. श्मिट हॅम्बुर्गचे आणि बार्लाखचे जुने भक्त. देवदूत बघायचा हट्ट त्यांचाच. त्याच पहाटे पोलंडमध्ये मार्शल लॉ लागू झाला होता. गावकऱ्यांनी श्मिटसाठी टाळ्या वाजवू नयेत म्हणून त्यांना घरात बसवलं गेलं आणि नाताळच्या बाजारात गुप्त पोलीस गिऱ्हाईक बनून फिरत होते. चौकातला बाजार, मेणबत्त्या, गरम वाइन, आणि प्रत्येक गिऱ्हाईक पगारी! डोममध्ये बिशप राटके यांनी दोघांचं स्वागत केलं. निघताना स्टेशनवर होनेकरने गाडीच्या खिडकीतून श्मिटच्या हातात एक गोळी दिली, खोकल्याची. दोन्ही जर्मनीतल्या लोकांना त्या सगळ्या भेटीतलं हेच लक्षात राहिलं. परतीची गाडी पकडताना मी फलाटावर उगाच ती जागा कुठली असेल याचा अंदाज घेतला. कुठेही पाटी नाही.

पण श्मिटनी पाहिलेला देवदूत कोणता? 1939 चा नव्हे. श्नेगात लपवलेला दुसरा देवदूत पश्चिमेत राहिला. 1952 मध्ये तो कोलोनच्या आंटोनीटरकिर्शेत टांगला गेला. त्याच्यावरून तिसरा देवदूत ओतला आणि तो 1953 मध्ये ग्युस्ट्रोला दिला. म्हणजे देवदूताचं मूळ घर ग्युस्ट्रो, पण तिथला देवदूत कोलोनच्या देवदूताचा साचा घेऊन केलेला. देशाची फाळणी पक्की होत असताना पश्चिमेतल्या एका धर्मसभेने पूर्वेकडच्या एका गावाला त्यांचीच वस्तू परत करावी, हे मला कोणत्याही शिखर परिषदेपेक्षा मोठं वाटतं. 2014 मध्ये हाच तिसरा देवदूत जर्मनीविषयीच्या प्रदर्शनासाठी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन आला. पंख नसलेल्या देवदूताचा विमा काढताना कुणी काय लिहिलं असेल याची मला उत्सुकता आहे.

कोलोनला मी दुसऱ्या कामाने गेलो होतो, तेव्हा आंटोनीटरकिर्शे मुद्दाम पाहिलं. शिल्डरगासे हा तिथला गजबजलेला खरेदीचा रस्ता. कपड्यांची, बुटांची दुकानं, आइस्क्रीम, रस्त्यावर गाणारी पोरं, आणि त्या रांगेत एकदम दबकून उभं असलेलं लहानसं गॉथिक चर्च. लोक हातात खरेदीच्या पिशव्या घेऊन आत येतात, बाकावर बसून पाय मोकळे करतात. देवदूत उत्तरेकडच्या भागात लटकतो. तोच चेहरा, तेच मिटलेले डोळे, फक्त बाहेरून ट्रॉलीच्या चाकांचा खडखडाट येतो. ग्युस्ट्रोत तो एकटा पडल्यासारखा वाटतो, इथे जरा गर्दीत सापडल्यासारखा. मला हाच जास्त आवडला.

त्याच्या खाली जमिनीत दगडी फरशी आहे, तिच्यावर दोन ओळींत सालं कोरली आहेत. पहिली 1914–1918. दुसरी वाचताना मी चष्मा पुसला, कारण सवयीने डोळ्यांना 1939 अपेक्षित होतं. तिथे 1933–1945 आहे. शेजारी बसलेल्या एका वयस्कर बाईंना मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं, हे साल असंच कोरलंय का. त्यांनी पिशवी मांडीवरून बाजूला ठेवली, फरशीकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हो. मग आणखी कधीपासून धरायचं?"